पुस्तक छापायच्या आधीच पुरस्कार जाहीर झाला तर

प्रश्न : मी अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. घरचं वावर आणि पोरांचं सांभाळून एक कादंबरी लिहिली आहे. १८०३ साली इंग्रजांनी गाविलगड घेतला तेव्हाची गोष्ट. पानमळ्यातली एक मुलगी आणि किल्ल्यावरचा शिपाई. एक प्रकाशक तीनशे प्रतींचे सत्तर हजार मागतो. दुसरीकडून मोबाइलवर निरोप आला की माझी राज्यस्तरीय साहित्य पुरस्कारासाठी निवड झाली आहे, साडेतीन हजार भरा. घरचे म्हणतात, भरून टाक, पेपरात नाव तरी येईल. ऐतिहासिक असली तरी शेवटी ही प्रेमकथाच. तिला खरे पुरस्कार मिळतात का? आणि बातमी द्यायची तर कशी? पहिली तीन प्रकरणं सोबत पाठवली आहेत.

उत्तर :

ताई, साडेतीन हजार भरू नका. तुमचं पुस्तक अजून छापलंच नाही, मग परीक्षकांनी ते वाचलं कुठे? बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, असा हा प्रकार आहे. या निरोपांचा साचा आता मला पाठ झाला आहे. आधी ‘आपल्या साहित्यसेवेची दखल घेऊन’, मग फेटा, शाल, सन्मानचिन्ह आणि मान्यवरांची लांबलचक यादी, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरात नोंदणी शुल्क. फेटा बांधून फोटो निघतो, बातमीही येते. पण त्या फोटोत तुमच्यासोबत आणखी साठ जण फेटे बांधून उभे असतात आणि त्यांचंही कोणी काही वाचलेलं नसतं.

पण म्हणून प्रत्येक लहान संस्थेला एकाच मापाने तोलू नका. आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणी आईवडिलांच्या किंवा एखाद्या शिक्षकाच्या स्मरणार्थ पुरस्कार देणारी साधी, प्रामाणिक माणसं आहेत. पाच हजारांचा धनादेश, एक शाल आणि वाचनालयाच्या हॉलमध्ये पन्नास श्रोते. असा पुरस्कार मी कधीही घेईन. काही ठिकाणी टपालखर्चापुरतं प्रवेशशुल्कही घेतात. फरक ओळखायची माझी रीत सोपी आहे. पैसे निवडीच्या आधी सगळ्यांकडून सारखे घेतात, की निवड झाली म्हणून निवडलेल्याकडूनच मागतात? दुसरं असेल तर तो पुरस्कार तुम्ही विकत घेताय. शिवाय मागच्या वर्षी कोणाच्या कोणत्या पुस्तकाला दिला आणि परीक्षक कोण होते, हे फोनवर विचारा. खरी संस्था ते आनंदाने सांगते.

आता तुमच्या मनातली खरी शंका, प्रेमकथेची. ती काढून टाका. मराठी ऐतिहासिक कादंबरी सुरू झाली ती रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून, १८७१ साली पुस्तकरूपात आली. तेव्हापासून किल्ला आणि प्रेम हे दोन्ही या प्रकारात शेजारी शेजारीच नांदत आले आहेत. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’ला १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातून माधवराव-रमाबाई काढून बघा, काय उरतं! विदर्भातल्या खेड्याकडे अकादमीचं लक्ष जात नाही, असंही कोणी सांगेल तर ऐकू नका. आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या सदानंद देशमुखांना २००४ चा अकादमी पुरस्कार मिळाला आहे, तोही शेतकऱ्याच्या घरातल्या गोष्टीला.

एक मात्र खरं. इंग्लंडात १९६० पासून प्रेमकादंबरीकारांची वेगळी संघटना आहे आणि तिथे ऐतिहासिक प्रेमकादंबरीला स्वतंत्र पुरस्कार असतो. मराठीत असा वेगळा कप्पा नाही. तुमचं पुस्तक सरळ ‘कादंबरी’ या मोठ्या रांगेत उभं राहणार, तिथे बाजूला कापसाच्या भावावरची कादंबरी असेल आणि शहरातल्या फ्लॅटमधलीही असेल. परीक्षक तुमच्या नायक-नायिकेच्या प्रेमाला नाक मुरडणार नाही. तो अडेल तो इतिहासाच्या कच्च्या जागेवर. आणि तीन प्रकरणं वाचून सांगते, तशा जागा तुमच्याकडे आहेत.

सर्वांत मोठी तिसऱ्या प्रकरणात. गड पडायच्या आदल्या रात्री ती दोघं तलावाच्या काठी भेटतात आणि ‘पिठूर चांदण्यात’ तिला त्याच्या कपाळावरची जखम दिसते. प्रसंग सुरेख लिहिला आहे, मला आवडला. पण गाविलगड पडला १५ डिसेंबर १८०३ ला, आणि तो दिवस अमावास्येला अगदी लागून येतो. त्या रात्री चांदणं असूच शकत नाही. आता हा प्रसंग टाकून द्यायचा का? मुळीच नाही, तो दोन आठवडे अलीकडे न्या. २९ नोव्हेंबरला आपल्या अडगावला, तेल्हाऱ्याच्या बाजूला, इंग्रज आणि नागपूरकर भोसले यांची लढाई झाली. तेव्हा पौर्णिमेचा सुमार होता. लढाई संपता संपता दिवस मावळला आणि इंग्रजी घोडदळाने पळणाऱ्या फौजेचा पाठलाग चांदण्यात केला, अशी नोंदच आहे. तुमचा शिपाई त्या पळणाऱ्या फौजेतला करा. जखम तिथलीच. चांदणं आता दोघांना भेटवणारं राहत नाही, त्याच्या जिवावर उठलेलं होतं, कारण लपायला अंधारच नाही. ती त्याला मळ्याच्या मांडवाखाली, वेलींच्या दाट सावलीत ओढून घेते. आणि गड पडायच्या आदल्या रात्रीचा निरोप ठेवा काळोखात, जिथे तिला त्याचा चेहरा दिसत नाही, फक्त आवाज ऐकू येतो. चूक दुरुस्त करता करता दोन प्रसंग मिळाले. जुन्या तारखेची तिथी काढून बघणं हे ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्याचं रोजचं काम आहे, त्याचा कंटाळा करू नका.

दुसरं. नायिकेची आई ‘काडी ओढून चिमणी लावते’. ओढून पेटवायची काडेपेटीची काडी इंग्लंडातच १८२७ च्या सुमारास विकायला आली आणि राकेल तर त्याच्याही नंतरचं. १८०३ मध्ये वऱ्हाडातल्या घरात चकमक, कापूस किंवा चुलीतला निखारा, आणि तेलाचा दिवा. पहिल्या प्रकरणात तुमचा इंग्रज अधिकारी चिखलदऱ्याच्या बंगल्यात बसून नकाशा बघतो. चिखलदरा इंग्रजांच्या नजरेत आला १८२३ मध्ये, तोवर तिथे बंगला कुठून येणार? त्याला तंबूत बसवा. आणि उत्तरेकडून, मेळघाटातून, तोफा डोंगरावर ओढून नेण्यासाठी कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेला वाट तयार करत जावं लागलं होतं, ते प्रकरणात आणा. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली दक्षिणेकडून फक्त हूल देत होता, खरा मारा उत्तरेच्या तटावर झाला. तुमच्या कादंबरीत सगळे इंग्रज दक्षिणेकडूनच चढतात.

शेवटच्या भागाचा सारांश पाठवलात त्यात ‘गडावर इंग्रजी निशाण कायमचं फडकलं’ असं आहे. तेही तपासा. १७ डिसेंबरला देवगावच्या तहात वर्धेच्या पश्चिमेकडचं वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलं, पण गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले भोसल्यांकडेच राहिले. गाविलगडाची तटबंदी इंग्रजांनी निकामी केली ती पुढे १८५८ मध्ये. म्हणजे जिवंत राहिलेला शिपाई त्याच गडावर परत नोकरीला जाऊ शकतो! तुमच्या शोकान्त शेवटाला मी हात लावणार नाही, तो तुमचा निर्णय. पण ३० डिसेंबरला शिंदे आणि इंग्रज यांचा तह झाला तो तुमच्याच सुर्जी अंजनगावला, आणि तुमच्या कादंबरीत त्याचा उल्लेखही नाही, याचं मला नवल वाटलं. अंजनगावची मुलगी नायिका आहे आणि तिच्या दारात हिंदुस्थानच्या राजकारणाचा तह होतोय. तिला काही दिसत नाही? या. मा. काळे यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ जिल्ह्याच्या एखाद्या जुन्या ग्रंथालयात मिळेल, तो आणि अमरावती जिल्ह्याचं गॅझेटियर एवढं हाताशी ठेवून पूर्ण हस्तलिखित एकदा चाळा.

भाषेबद्दल थोडक्यात सांगते. संवाद वऱ्हाडीत आहेत ते तसेच राहू द्या. कोणी सांगेल, पुण्या-मुंबईच्या वाचकाला ‘काहून’, ‘लेकाची’, ‘तिकून’ कळणार नाही. कळतं. तळटिपा देऊ नका, त्याने वाचकाचा पाय अडखळतो.

आता सत्तर हजारांचं. पहिल्या पुस्तकाला लेखकाने पैसे घालणं मराठीत नवं नाही आणि त्यात लाज वाटण्यासारखंही काही नाही. पण मग व्यवहार उघड असावा. तीनशे प्रती कोणाच्या? तुमच्या पैशाने छापल्या तर त्या तुमच्या घरी आल्या पाहिजेत, आणि प्रकाशकाने विकल्या तर त्याचा हिशेब. किती पानं, कोणता कागद, मुखपृष्ठ कोण करणार, मुद्रितशोधन कोण करणार, हे लिहून घ्या. मुद्रितशोधन ‘आम्ही बघून घेऊ’ म्हणाला तर समजा की ते होणार नाही. छापायला दिलेल्या शेवटच्या फाइलची प्रत स्वतःकडे ठेवा. दुसरी आवृत्ती दुसऱ्याकडे काढायची झाली की तीच कामी येते. आयएसबीएन क्रमांकासाठी वेगळे पैसे मागितले तर हसून नकार द्या, तो राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून विनाशुल्क मिळतो.

करारात एक ओळ हमखास शोधा: ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’. ती खोडायला लावा. प्रकाशनाचा हक्क द्यायचा तो छापील मराठी आवृत्तीपुरता आणि ठरावीक वर्षांपुरता. ई-बुक, ऑडिओ, भाषांतर, मालिका-सिनेमा हे तुमच्याकडे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या बाजूच्या दोन चांगल्या गोष्टी आहेत, त्या माहीत असू द्या. हक्क किती काळासाठी दिला ते करारात लिहिलंच नसेल तर तो पाच वर्षांपुरता धरला जातो. आणि करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर हक्क घेऊन वर्षभरात ते वापरलेच नाहीत, तर ते हक्क परत येतात. कॉपीराइट स्वतः मात्र लिहिल्या क्षणापासून तुमचाच असतो, हयातभर आणि त्यानंतर साठ वर्षं. नोंदणी केली नाही म्हणून तो जात नाही.

पण पैसे देण्याआधी एक दार ठोठावा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. नव्या लेखकाच्या पहिल्या पुस्तकाचं हस्तलिखित मंडळाकडे जातं, तज्ज्ञ ते वाचतात, मंजूर झालं तर प्रकाशनाला अनुदान मिळतं. वेळ लागतो, नकारही येऊ शकतो. पण ही योजना हस्तलिखितासाठी आहे, छापून झालेल्या पुस्तकासाठी नाही. आज घाईने सत्तर हजार देऊन पुस्तक काढलंत की हे दार बंद. माझं मत विचाराल तर इतिहासाच्या दुरुस्त्या करायला तसेही काही महिने लागणारच आहेत, तेवढ्यात अर्ज करा.

खऱ्या पुरस्कारांची गंमत अशी की त्यांचं अर्धं काम पुस्तकाच्या तिसऱ्या-चौथ्या पानावर होतं. तिथे प्रथमावृत्तीचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. राज्य शासनाचे वाङ्मय पुरस्कार एका कॅलेंडर वर्षात, जानेवारी ते डिसेंबर, पहिल्यांदा प्रकाशित झालेल्या पुस्तकांना असतात, आणि प्रवेशिका साधारण पुढच्या जानेवारीत मागवतात. वर्ष छापायचं राहून गेलं किंवा मुखपृष्ठामागे एक आणि आत दुसरं आलं, तर चांगलं पुस्तकही बाजूला पडतं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात छापून घेण्याचा सोस करू नका. पुस्तक वाचनालयांत, परीक्षणांत फिरायच्या आत त्याचं वर्ष संपतं आणि प्रती जमवून पाठवायला महिनाही उरत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत काढलंत तर वर्ष हातात मिळतं.

या पुरस्कारांत कादंबरीसाठी हरी नारायण आपटे यांच्या नावाचा पुरस्कार आहे, एक लाखाचा. आणि लेखकाच्या प्रथम प्रकाशनासाठी वेगळा गट आहे, त्यात कादंबरीला श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा, पन्नास हजारांचा. तुमची जागा ही. पहिल्या पुस्तकाची ही संधी आयुष्यात एकदाच असते, म्हणून आधी हौसेखातर एखादं पातळ पुस्तक छापून ती वाया घालवू नका. प्रवेशिकेसाठी मुंबईला खेपा घालायची गरज नाही. मुंबईबाहेरच्यांना जिल्हाधिकारी कार्यालयातही प्रवेशिका आणि पुस्तकं देता येतात. अमरावतीला गेलात की देऊन या आणि पोच घ्या, शिक्का मारलेली. त्या वर्षीचं नियमपत्रक मात्र अर्जाआधी वाचाच.

आपल्या घरची संस्था म्हणजे विदर्भ साहित्य संघ. १४ जानेवारी १९२३ ला अमरावतीतच स्थापन झाली, आता मुख्यालय नागपूरला. संघाचे वार्षिक वाङ्मय पुरस्कार असतात, त्यात कादंबरीसाठी पु. य. देशपांडे यांच्या स्मृतीचा आहे. पुस्तक आलं की दोन प्रती तिकडे पाठवायच्याच. वय पस्तिशीच्या आत असेल तर साहित्य अकादमीचा युवा पुरस्कारही आहे, २०११ पासून, पन्नास हजारांचा. तुम्ही वय कळवलं नाही, विचारतही नाही.

आता बातमी. तुम्ही नमुना म्हणून पाठवलेली ओळ अशी: ‘सुप्रसिद्ध साहित्यिका यांच्या बहुचर्चित ऐतिहासिक कादंबरीचे थाटात प्रकाशन.’ पुस्तक आजच आलं, मग चर्चा कधी झाली? आणि थाट वाचकाला काय कामाचा? जिल्हा पानावरच्या उपसंपादकाकडे रोज अशा ढीगभर ओळी येतात. त्याऐवजी असं लिहा: ‘१८०३ साली गाविलगड पडला त्या पंधरवड्यात अंजनगावच्या पानमळ्यातली मुलगी आणि गडावरचा शिपाई यांच्यात काय घडलं, ही गोष्ट अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या एका शेतकरी महिलेने कादंबरीत मांडली आहे.’ यात गाव आहे, गड आहे, साल आहे, बाई आहे. मग पुस्तकाचं नाव, प्रकाशक, पानं, किंमत, कुठे मिळेल. पाहुण्यांची नावं सगळ्यांत शेवटी, म्हणजे जागा कमी पडली तर तीच कापली जातात. दीडशे शब्दांच्या वर जाऊ नका. फोटो पाठवायचा तो मुखपृष्ठाचा आणि तुमचा एकटीचा. बारा जणांनी हातात पुस्तक उभं धरलेला फोटो छापून आला तरी कोणाला काही दिसत नाही.

पुढे एखादा पुरस्कार मिळाला तर त्याची बातमीही तितकीच काटेकोर असू द्या: संस्थेचं पूर्ण नाव, पुरस्काराचं नाव, कोणत्या वर्षासाठी आणि कोणत्या प्रकारासाठी. ‘शासनाचा पुरस्कार’ असं मोघम लिहू नका. शेवटच्या यादीपर्यंत पोचलं पण मिळाला नाही, तर मुखपृष्ठावर ‘पुरस्कारप्राप्त’ छापू नका. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी कोणीतरी विचारतंच.

विक्रीसाठी पुरस्कारापेक्षा ग्रंथालयं जास्त उपयोगी पडतात. अचलपूर, परतवाडा, अकोट, दर्यापूर इथल्या सार्वजनिक वाचनालयांत ऐतिहासिक कादंबऱ्यांची कपाटं सगळ्यांत झिजलेली असतात, कोणत्याही ग्रंथपालाला विचारा. ग्रंथालय संचालनालय शासनमान्य ग्रंथांची यादी काढतं, त्यासाठी पुस्तक वेळेत सादर करायला प्रकाशकाला लेखी सांगा. करारातच ती ओळ घाला, कारण नंतर तो विसरतो. जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात टेबल मिळालं तर स्वतः बसा. गडाच्या पायथ्याची बाई गडाबद्दल बोलतेय म्हटल्यावर लोक थांबतात. सोबत सुट्टे पैसे आणि ऑनलाइन पैसे घ्यायचा कोड ठेवा.

दुरुस्त झालेली प्रकरणं पाठवलीत तर वाचेन. आधी अडगावच्या रात्रीचं लिहा.